दुसऱ्यांदा पाहिल्यावर तुमचे मत बदलले असा चित्रपट किंवा मालिका कोणती?

शाईदौत | ६ जुलै, रात्री १०:१५

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते आणि माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. फेब्रुवारी २०१४ पासून मी एक वही ठेवली आहे. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाविषयी किंवा मालिकेविषयी त्याच रात्री झोपण्यापूर्वी चार-पाच ओळी लिहायच्या आणि नंतर त्यांतला एकही शब्द खोडायचा नाही, एवढाच तिचा नियम आहे. वहीतले पहिले पान ‘फँड्री’चे आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणून आम्ही शाळेतल्या सहा-सात जणी मिळून चित्रगृहात गेलो होतो. त्या रात्री मी लिहिले होते : ‘शेवट अंगावर आला. पोराचा राग समजतो. आपल्याकडची भाषा पडद्यावर ऐकून बरे वाटले. डुक्कर पकडण्याचा प्रसंग थोडा लांबला.’

गेल्या महिन्यात तो चित्रपट मी घरी पुन्हा पाहिला आणि त्या शेवटच्या वाक्याची मला लाज वाटली. चित्रपटातल्या जब्या या शाळकरी मुलाचे कुटुंब डुकराच्या मागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. २०१४ साली त्या वेळी चित्रगृहात हशा उठला होता आणि मीही हसले होते, हे मला नीट आठवते. या वेळी मात्र मला माझी स्वतःची जागा आठवली. रोज सकाळी राष्ट्रगीताला मी मुलांकडे तोंड करून आणि कुंपणाच्या भिंतीकडे पाठ करून उभी राहते. पुढे ते डुक्कर काठीला बांधून नेताना मागे शाळेची भिंत दिसते आणि तिच्यावर बाबासाहेब, जोतीराव, सावित्रीबाई, गाडगेबाबा अशी चित्रे आहेत. ही भिंत पहिल्या वेळी मला दिसलीच नव्हती. आमच्या शाळेच्या भिंतीवरही हीच चित्रे आहेत आणि दोन वर्षांपूर्वी ती नव्याने रंगवून घेण्याचे काम माझ्याकडेच होते.

चित्रपटातली एकही चौकट बदललेली नाही. मग दहा वर्षांत बदलले ते काय? माझे वय, माझ्या कामाकडे पाहण्याची माझी दृष्टी, की केवळ शेजारी बसून हसणारे लोक या वेळी नव्हते म्हणून? आपल्यापैकी कोणाला असा अनुभव आला असल्यास सविस्तर लिहावे. शेवटांचे उल्लेख येणारच, त्यामुळे ज्यांनी एखादी कलाकृती पाहिलेली नाही त्यांनी तो प्रतिसाद जपून वाचावा.

हातमाग | ६ जुलै, रात्री ११:०२

ताई, माझ्यासाठी तो चित्रपट ‘सैराट’. एप्रिल २०१६ च्या शेवटी तो लागला तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि पहिल्या आठवड्यात मित्रांबरोबर तीनदा गेलो. खरे सांगायचे तर आम्ही गाण्यांसाठी जात होतो. मध्यंतरानंतर हैदराबादचा भाग सुरू झाला की आमच्या रांगेतली निम्मी मुले बाहेर उभी राहून गप्पा मारत आणि थेट शेवटाला परत येत. तीन वेळा पाहूनही मी अर्धाच चित्रपट पाहिला होता म्हणा.

आम्ही पूर्व भागातले पद्मशाली. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. गेल्या दिवाळीत आजीबरोबर ‘सैराट’ पाहताना तिला पहिल्या अर्ध्या भागात फारसा रस वाटला नाही. नायिका आर्ची त्या अनोळखी वस्तीत जाते, तिला तेलुगू कळत नाही, कारखान्यात काम करता करता ती एकेक शब्द उचलत जाते, ते पाहताना मात्र आजी सरसावून बसली. ती लग्न होऊन तेलंगणातून सोलापुरात आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. शेजारणींकडून, नळावरच्या रांगेत, किराणा दुकानात तिने ती भाषा मिळवली. आर्ची जे शिकली ते माझ्या आजीने उलट दिशेने शिकून झाले होते. मी तेलुगू समजणारा मुलगा असूनही ते संवाद एकोणिसाव्या वर्षी मला अडगळ वाटले होते.

शेवटच्या मिनिटांत सगळे संगीत थांबते आणि ते लहान मूल रक्ताची पावले उमटवत बाहेर येते. त्या शांततेविषयी माझे मत बदललेले नाही. ती तेव्हाही सोसली नव्हती आणि आताही सोसली नाही.

सडेतोड | ७ जुलै, सकाळी ७:४०

मी धाग्याच्या मूळ कल्पनेशीच असहमत आहे. पहिली प्रतिक्रिया हीच खरी प्रतिक्रिया असते, कारण ती देताना आपल्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसते आणि दिग्दर्शकाने चित्रपट त्याच प्रेक्षकासाठी बांधलेला असतो. दुसऱ्या वेळेपर्यंत आपण परीक्षणे वाचलेली असतात, मुलाखती ऐकलेल्या असतात, चारचौघांत काय म्हणणे शोभते हे आपल्याला कळलेले असते. शाईदौत ताईंना २०१४ साली हसू आले ते खरे होते. आज वाटलेली लाज ही दहा वर्षांत ‘फँड्री’विषयी झालेल्या चर्चेतून आलेली असू शकते. वहीत खोडायचे नाही हा नियम चांगला आहे, मग मनातही खोडू नये.

शाईदौत | ७ जुलै, दुपारी ३:२०

सडेतोड, आपला मुद्दा मी मनावर घेतला आहे. भिंतीविषयी मी कुठे वाचले होते का, हे आठवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. वाचले असण्याची शक्यता मी नाकारत नाही. पण मी उभी असते त्या जागेविषयी कोणी लिहिलेले नव्हते, ते मला चित्रपट पाहतानाच आठवले.

पहिलीघंटा | ७ जुलै, रात्री ९:५५

या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे वाटते. सोलापुरातल्या एका टॉकीजमध्ये मी सव्वीस वर्षे ऑपरेटर होतो. आपण सर्वजण दुसऱ्यांदा पाहण्याविषयी बोलत आहात. मी एकेक चित्रपट दिवसाला चार खेळ आणि चालला तर आठ-दहा आठवडे असा पाहिला आहे.

नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे चालते. आम्ही दोन जोडून वीस-बावीस मिनिटांचे करत असू. यंत्रे दोन असत. एकावरचे रीळ संपत आले की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, तेव्हा दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची, आणि थोड्या सेकंदांनी दुसरा ठिपका आला की प्रकाश या यंत्रावरून त्या यंत्रावर न्यायचा. चुकलात तर पडदा पांढरा होतो आणि खालून शिट्ट्या येतात. प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्या जळत, त्या झिजत जातील तसे त्यांच्यातले अंतर सांभाळावे लागे. उन्हाळ्यात सोलापुरात बाहेर चव्वेचाळीस अंश असताना त्या खोलीत काय होत असेल, याची कल्पना करावी. यंत्रांचा आवाज इतका असे की चित्रपटातले संवाद मला नीट ऐकू येत नसत. कितीतरी चित्रपट मी आयुष्यभर न ऐकता पाहिले.

म्हणून मी पडद्यापेक्षा माणसांकडे जास्त पाहिले. दुपारच्या बाराच्या खेळाला बायका जास्त असत. रात्रीच्या नऊच्या खेळाला गिरणीची पाळी सुटलेली माणसे येत. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सगळीकडची. एकच प्रसंग दुपारी रडवायचा आणि रात्री त्याच प्रसंगाला टाळ्या पडायच्या. नायकाची आई मुलाला घराबाहेर काढते, असा प्रसंग असलेला एक चित्रपट आमच्याकडे बरेच आठवडे चालला. दुपारी त्या जागी बायका डोळ्यांना पदर लावत. रात्री गिरणीतली तरुण पोरे ‘बरोबर केलं’ म्हणून ओरडत, कारण तो नायक दारू पिऊन पगार उडवणारा होता आणि असा एकेक जण प्रत्येकाच्या चाळीत होता. कोणाची प्रतिक्रिया खरी म्हणायची?

आणखी एक गोष्ट. चित्रपट कुठे सैल पडला हे मला खोकल्यावरून कळे. माणसे गुंतलेली असली की खोकत नाहीत. एका रिळात एका ठराविक जागी सोमवारीही खोकला, गुरुवारीही खोकला आणि पुढच्या रविवारीही खोकला आला की समजायचे, इथे कात्री लागायला हवी होती. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या तसा रात्रीचा खेळ ओस पडत गेला आणि शेवटच्या वर्षांत तर खोकणारेही उरले नव्हते. सडेतोड साहेबांना एवढेच सांगेन की पहिली प्रतिक्रिया आपल्या एकट्याची असते असे ते धरून चालले आहेत. अंधारात चारशे माणसांबरोबर बसून आलेले हसू एकट्याचे नसते.

हातमाग | ७ जुलै, रात्री १०:१०

काका, हा प्रतिसाद दोनदा वाचला. माझे आजोबा नरसिंग गिरजीत होते, रात्रीच्या खेळाला कदाचित आपल्याच खिडकीखाली बसले असतील.

काळाकोट | ८ जुलै, रात्री ८:३०

मी जिल्हा न्यायालयात गेली पंधरा वर्षे वकिली करते. २०१५ साली ‘कोर्ट’ पुण्यात पाहिला तेव्हा मी चिडून बाहेर आले होते. व्हेनिसला गौरव, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, एवढे ऐकून गेले आणि पडद्यावर काय, तर मी दिवसभर जे पाहते तेच. दूर ठेवलेला कॅमेरा, संथपणे वाचले जाणारे आरोप, पुढची तारीख. मला वाटले, हे पाहायला मी तिकीट का काढले?

दुसऱ्यांदा पाहिला तो २०२१ साली, आरोपी लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार गेल्याची बातमी आली त्या आठवड्यात. या वेळी मी बचाव पक्षाच्या वकिलाकडे पाहिलेच नाही. मी सरकारी वकील नूतनकडे पाहत होते. न्यायालयात सहकाऱ्यांशी बोलताना ती त्या म्हाताऱ्या लोकशाहिराला वीस वर्षे आत घालून टाकावे असे सहज, कंटाळलेल्या आवाजात म्हणते. तिथून निघून मुलाला घेते, घरी जाऊन स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. ती वाईट बाई नाही, आणि तीच मला न पेलणारी गोष्ट वाटली. दुपारच्या सुट्टीत डबा उघडून भाजीची चर्चा करत असताना कोणाच्या जामिनाचे काय होईल हे आम्ही किती हलक्या आवाजात बोलतो, ते मला तेव्हा ऐकू आले. बाही नसलेला पोशाख घातला म्हणून न्यायाधीश एका स्त्रीचे प्रकरण त्या दिवशी ऐकतच नाहीत, त्या प्रसंगाला मी पहिल्या वेळी हसले होते. या वेळी मी तिने प्रवासासाठी, रजेसाठी काय काय जुळवले असेल याचा हिशेब करत राहिले.

शेवटी दालन रिकामे होते, एकेक दिवा मालवतो आणि पडदा काळा पडतो. चित्रपट संपला असे वाटते, पण तो सुट्टीवर गेलेल्या न्यायाधीशांबरोबर पुढे चालूच राहतो. तो शेवटचा भाग अनावश्यक आहे असे पहिल्या वेळी माझे ठाम मत होते. आता तो काढला तर चित्रपट खोटा होईल असे वाटते.

दीडपट | ८ जुलै, रात्री ११:४८

मी वयाने या धाग्यावर बहुधा सर्वांत लहान असेन. स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, अभ्यासिकेतून रात्री दहाला परत येतो आणि झोपण्यापूर्वी चाळीस मिनिटे मिळतात. त्यामुळे मी बहुतेक सर्व काही दीडपट वेगाने पाहतो. ‘कोर्ट’ही तसाच पाहिला आणि मला कळला. दुसऱ्यांदा पाहण्याइतका वेळ आमच्याकडे नाही. कोणाचा अनादर करण्याचा हेतू नाही, पण दोन तासांच्या गोष्टीतले नेमके जर ऐंशी मिनिटांत मिळत असेल, तर उरलेली चाळीस मिनिटे कशासाठी, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

काळाकोट | ९ जुलै, सकाळी ८:०५

दीडपट, प्रश्न सरळ विचारलात म्हणून सरळ उत्तर देते. काल आपला प्रतिसाद वाचून मी ‘कोर्ट’चा तो दिवे मालवण्याचा प्रसंग दीडपट वेगाने लावून पाहिला. दालन रिकामे होते हे कळते. पण मूळ वेगात ते पाहताना मला अस्वस्थ वाटू लागते, ‘आता पुढे जा’ असे मनात येते, आणि आरोपी नेमके असेच वर्षभर बसलेले असतात. ते अस्वस्थ वाटणे आपल्या ऐंशी मिनिटांत येत नाही. कथा कळण्याविषयी माझा वाद नाही, ती आपल्याला कळलीच असेल. परीक्षा झाल्यावर एखाद्या रविवारी एकदा मूळ वेगात पाहून इथे लिहा, मी वाट पाहीन.

दीडपट | ९ जुलै, रात्री १०:३०

मान्य. परीक्षा झाल्यावर.

खतावणी | ९ जुलै, रात्री ११:१५

बँकेतून निवृत्त झालो आहे. शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची ‘स्कॅम १९९२’ ही मालिका ऑक्टोबर २०२० मध्ये आली तेव्हा घरात बसून दोन दिवसांत दहाही भाग पाहिले. प्रतीक गांधी यांचा अभिनय आणि ते शीर्षकसंगीत यांनी मी भारावून गेलो, नातवाला बोलावून दाखवले. दुसऱ्यांदा पाहायला बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या भागानंतर बंद केली.

कारण सांगतो. बँका एकमेकांत सरकारी रोखे थोड्या दिवसांसाठी विकत आणि ठरलेल्या दिवशी परत घेत, त्याला रेडी फॉरवर्ड म्हणत. रोखे प्रत्यक्ष हातात देण्याऐवजी बँक रिसीट नावाचा कागद दिला जाई. दलाल मध्ये असल्याने धनादेश त्याच्या खात्यातून फिरे आणि तेवढे दिवस तो पैसा शेअर बाजारात खेळवला जाई. पुढे तर मागे रोखेच नसलेल्या रिसीटा काढल्या गेल्या आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रातल्या बँक ऑफ कराडचे नाव आले. ती बँक बुडाली. हे सगळे मालिकेत आहे, स्वच्छ समजावून दिले आहे, हा घोटाळा उघड करणाऱ्या पत्रकार सुचेता दलाल यांची बातमीही योग्य जागी आहे. पण पहिल्या वेळी मला दलालाची गाडी दिसत होती आणि दुसऱ्या वेळी प्रत्येक प्रसंगात सही करणारा कारकून दिसू लागला. त्या कागदावर माझ्यासारख्या कोणाची तरी सही असणार आणि त्या माणसाला मालिकेत चेहरा नाही. एवढा देखणा नायक उभा करताना ज्याचे नुकसान झाले त्याच्या घरात कॅमेरा फार कमी गेला, अशी माझी तक्रार आहे.

सडेतोड | १० जुलै, सकाळी ७:१५

खतावणी, इथे मात्र मी आपल्या पहिल्या प्रतिक्रियेच्या बाजूने आहे. माणूस आकर्षक होता म्हणूनच मोठमोठ्या बँका फसल्या. प्रेक्षक स्वतः भुलला नाही तर ती फसवणूक कशी घडली हे त्याला कधीच कळणार नाही. आपण दोन दिवस भारावून गेलात, तिथेच मालिकेचे काम झाले.

खतावणी | १० जुलै, दुपारी १:००

हा विचार मी केला नव्हता. तरीही कारकुनाविषयी माझे म्हणणे कायम आहे.

शेगडी | १० जुलै, दुपारी ३:४५

‘द ग्रेट इंडियन किचन’ हा मल्याळम चित्रपट मी पहिल्यांदा २०२१ मध्ये मोबाइलवर, दुपारी सगळे झोपलेले असताना, ओट्याशी उभी राहून पाहिला. रडू आले नाही, राग आला. गळका पाइप, नवरा रोज ‘प्लंबरला सांगतो’ म्हणतो आणि सांगत नाही. सासरे प्रेमळ आवाजात म्हणतात की भात चुलीवरचाच हवा, कपडे यंत्रात नकोत. कोणी आवाज चढवत नाही, आणि त्यामुळेच तिला भांडताही येत नाही.

दुसऱ्यांदा पाहिला तो सासूबाईंबरोबर, मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर. पुरुष जेवून उठतात, चघळलेले तुकडे टेबलावर तसेच टाकून जातात आणि बायका त्याच टेबलावर जेवायला बसतात, हा प्रसंग आला. सासूबाई म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी शेवटच्या पंगतीला बसले, त्यात काय बघायचंय?” आणि उठून आत गेल्या. मला वाईट वाटले. वाटले, मी त्यांना दुखावले, हा चित्रपट लावायला नको होता.

आठ दिवसांनी आम्ही शेंगा निवडत बसलो होतो. त्यांनी मान वर न करता विचारले, “त्या पोरीचं शेवटी काय झालं गं?” मी सांगितले की तिने मोरीचे घाण पाणी दोघांच्या अंगावर टाकले आणि घर सोडले, पुढे ती नृत्य शिकवू लागली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आणि त्या घरात आता कोण करतंय?” मी सांगितले, नवऱ्याने दुसरे लग्न केले. त्यांनी हातातल्या शेंगा सुपात टाकल्या आणि म्हणाल्या, “मग पाइप अजून गळतच असणार.”

माझ्या दोन्ही वेळच्या प्रतिक्रिया त्या नायिकेविषयी होत्या. दुसऱ्या बायकोचा विचार मी केलाच नव्हता, तो त्यांनी अर्धाच चित्रपट पाहून केला.

पहिलीघंटा | १० जुलै, रात्री ९:२०

शेगडी ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा.

ग्रामदप्तर | ११ जुलै, रात्री १०:०५

मी मंगळवेढा तालुक्यात ग्रामपंचायत अधिकारी आहे, २०२४ पर्यंत या पदाला ग्रामसेवक म्हणत. ‘पंचायत’चे पहिले पर्व एप्रिल २०२० मध्ये आले तेव्हा आम्ही सर्व सहकाऱ्यांनी ते पोट धरून हसत पाहिले, कारण त्यातली खुर्ची, बल्ब आणि बंद दरवाजा आमच्या रोजच्या ओळखीचे होते. दुसऱ्यांदा पाहताना शेवटच्या भागात थांबलो. गावच्या प्रधान म्हणून निवडून आलेल्या मंजू देवी आहेत आणि कारभार त्यांचे पती पाहतात. २६ जानेवारीच्या झेंडावंदनासाठी त्या राष्ट्रगीत पाठ करतात. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. ठरावावर सही घ्यायला मी सरपंचबाईंच्या घरी जातो, तेव्हा रजिस्टर कोणापुढे ठेवतो, याचा विचार मी मालिका पाहिल्यानंतर केला. आता मी ते त्यांच्याच पुढे ठेवतो आणि त्या वाचेपर्यंत बसून राहतो. पहिल्या महिन्यात त्यांच्या पतींना हे आवडले नाही. बाईंनी मात्र तिसऱ्याच ठरावात एक आकडा चुकलेला दाखवून दिला.

तिसरीपाळी | १२ जुलै, पहाटे ५:१०

अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाई कारखान्यात मी बॉयलर सांभाळतो. आत्ताच पाळी संपली. अणुभट्टीच्या दुर्घटनेवरच्या ‘चेर्नोबिल’ मालिकेचे पाचही भाग पहिल्यांदा पाहिले तेव्हा भीती वाटली ती किरणोत्साराची. दुसऱ्यांदा भीती वाटली ती नियंत्रण कक्षातल्या बोलण्याची. वरिष्ठ म्हणतो की चाचणी आजच पूर्ण करायची आणि समोरचा मुलगा आकडे पाहून गप्प बसतो. अणुभट्टी तातडीने बंद करण्याचे बटन दाबल्यावर ज्या नियंत्रक कांड्या आत जातात त्यांची टोके ग्रॅफाइटची होती, त्यामुळे पहिल्या क्षणी शक्ती कमी होण्याऐवजी वाढली. शेवटच्या भागात लाल आणि निळ्या पाट्या लावून हे समजावले आहे, ते पाहून मी दाबमापकाकडे पाहण्याची पद्धत बदलली. आमच्याकडे रात्री तीन वाजता वाफ कमी पडते म्हणून ओरड होते. काटा लाल रेघेजवळ असताना ‘नाही’ म्हणणे किती कठीण असते, हे दिवसपाळीच्या माणसाला कळणार नाही.

परिचारिका | १२ जुलै, सकाळी ११:३०

थोडक्यात लिहिते. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा शांतारामबापूंचा १९४६ चा चित्रपट मी लहानपणी दूरदर्शनवर पाहिला. सोलापूरचा माणूस चीनमध्ये जाऊन मोठा झाला, एवढाच अभिमान वाटला होता. रुग्णालयात वीस वर्षे काम केल्यावर पुन्हा पाहिला तेव्हा जाणवले ते वय. १९१० चा जन्म, १९३८ साली ते निघाले आणि डिसेंबर १९४२ मध्ये गेले. बत्तीस वर्षे. आमच्याकडे येणारे निवासी डॉक्टर साधारण याच वयाचे असतात आणि सलग दोन रात्री जागल्यावर त्यांचे चेहरे कसे होतात, ते मी रोज पाहते. त्यांच्यासाठी चहा सांगताना अलीकडे मला तो चित्रपट आठवतो.

हातमाग | १३ जुलै, रात्री ९:००

सर्वांना एक सुचवतो. २०२३ चा ‘बलगम’ हा तेलुगू चित्रपट पाहावा. तेलंगणातल्या खेड्यात एक म्हातारा मरतो. मुलगा आणि जावई यांच्यात वीस वर्षांपूर्वी जेवताना नळीच्या हाडावरून भांडण झालेले असते. पिंड ठेवले जातात आणि कावळा शिवत नाही. सगळे गाव चिंतेत पडते. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. तेलंगणात कितीतरी गावांनी चौकात पडदा लावून हा चित्रपट एकत्र पाहिला. मी तो पहिल्यांदा एकट्याने पाहिला तेव्हा शेवटचा लोककलाकारांच्या गाण्याचा प्रसंग मला लांबट वाटला. दुसऱ्यांदा वडील आणि चुलते एका खोलीत होते. दोघे सहा वर्षे बोलत नाहीत, आजीच्या आग्रहाने आले होते. गाणे सुरू असताना दोघांनीही एकमेकांकडे पाहिले नाही, पण चुलते निघताना वडिलांनी त्यांना “गाडी हळू ने” असे म्हटले.

सडेतोड | १३ जुलै, रात्री १०:४०

हातमाग, आपल्या या प्रतिसादाला माझ्याजवळ उत्तर नाही. पहिली प्रतिक्रिया आपली होती, दुसरी त्या खोलीची होती. काकांनी हेच सांगितले होते आणि मी ते त्या वेळी नीट ऐकले नाही.

शाईदौत | २२ जुलै, रात्री १०:३०

उत्तर द्यायला उशीर झाला, घटक चाचण्यांचे पेपर होते. ‘बलगम’ वडिलांबरोबर पाहिला. तेलुगूचा एक शब्द येत नसताना वडिलांनी सबटायटल वाचणे मध्येच सोडून दिले आणि नुसते पाहत राहिले. वहीत त्या पानावर मी त्यांनाच लिहायला सांगितले. त्यांनी एक ओळ लिहिली : ‘भाऊसाहेबांना पत्र टाकणे.’

दुसरी गोष्ट. सोमवारी राष्ट्रगीताच्या वेळी मी मुलांच्या मागे जाऊन, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मुख्याध्यापकांना आधी विचारले होते. आमची कुंपणाची भिंत छातीएवढीच आहे, हे मला चौदा वर्षांत ठाऊक नव्हते. पलीकडे रस्ता दिसतो. टॉवेलांचे गठ्ठे भरलेला एक टेंपो गेला. भंगार गोळा करणारी एक बाई आणि तिच्यामागे पोते ओढणारी आठ-नऊ वर्षांची मुलगी येत होती. गीत सुरू झाल्यावर बाई चालत राहिली आणि मुलगी थांबली. ‘जय हे’ संपेपर्यंत ती पोत्याचे तोंड मुठीत धरून सरळ उभी होती. तिला ते कुठेतरी कोणीतरी शिकवलेले आहे. कोणत्या शाळेत आणि ती शाळा तिने कधी सोडली, हे विचारायला मी फाटकापर्यंत जाईतो त्या दोघी वळणापलीकडे गेल्या होत्या. उद्या पुन्हा त्याच जागी उभी राहणार आहे.

पहिलीघंटा | २२ जुलै, रात्री ११:०५

‘फँड्री’ आला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, त्यामुळे तो पाहण्याचा राहून गेला. उद्या नातीला सांगून लावून घेतो. दिवे घालवून आणि आवाज मोठा ठेवून पाहीन.